ग्रीन अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री

पाण्यात, औषधात, मातीत काय आहे आणि किती आहे हे शोधताना लॅबमधूनच जो विषारी कचरा निघतो, जे सॉल्व्हंट (पदार्थ विरघळवायचे द्रव) आणि वीज जाते ती कमी कशी करायची हे बघणारी शाखा म्हणजे ग्रीन अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री, मराठीत हरित विश्लेषण रसायनशास्त्र. याची गरज का ते सीओडी (केमिकल ऑक्सिजन डिमांड) टेस्टवरून लगेच कळतं. सांडपाणी किती घाण आहे ते मोजायला सँपल पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये २ तास तापवतात, त्यात सिल्व्हर सल्फेट, शिवाय क्लोराइडचा मोजणीत अडथळा येऊ नये म्हणून मर्क्युरी सल्फेट, म्हणजे प्रदूषण मोजता मोजता क्रोमियम आणि पाऱ्याचा कचरा आपणच करायचा!

१९९८ मध्ये पॉल अ‍ॅनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी ग्रीन केमिस्ट्रीची १२ तत्त्वं मांडली, पण त्यांचा रोख मुख्यतः सिंथेसिसवर, म्हणजे पदार्थ बनवण्यावर होता, अ‍ॅटम इकॉनॉमी (कच्च्या मालातले किती अणू तयार पदार्थात उतरले याचा हिशोब) टायट्रेशनला (थेंबाथेंबाने द्रावण घालून प्रमाण मोजायला) कशी लावणार? म्हणून २०१३ मध्ये पोलंडच्या संशोधकांनी अ‍ॅनालिसिससाठी वेगळी १२ तत्त्वं दिली, त्यातलं पहिलंच असं की जमेल तिथे सँपल प्रिपरेशन टाळा आणि थेट मोजा. ते बरोबरच आहे, कारण बरेचदा खरी उधळपट्टी मशीनच्या आधी, एक्स्ट्रॅक्शनमध्येच (हवा तो पदार्थ सँपलमधून वेगळा काढताना) होते. यानुश पाव्हलिशिन यांनी १९९० च्या सुमारास आणलेल्या एसपीएमईमध्ये (सॉलिड फेज मायक्रोएक्स्ट्रॅक्शन) कोटिंग लावलेला बारीक फायबर सँपलमध्ये किंवा त्याच्या वरच्या वाफेत धरायचा आणि तोच जीसीमध्ये (गॅस क्रोमॅटोग्राफ, वाफ करून घटक वेगळे करणारं मशीन) तापवायचा, सेपरेटिंग फनेल नको की डायक्लोरोमिथेनसारखं सॉल्व्हंट नको.

एचपीएलसीत (सँपल द्रवाबरोबर कॉलममधून, म्हणजे भरलेल्या बारीक नळीतून ढकलून घटक वेगळे करणारी पद्धत) तर साधं गणित आहे. ४.६ मिमीचा कॉलम मिनिटाला १ मिलीने दिवसरात्र चालवला की जवळपास दीड लिटर मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारं सॉल्व्हंट) जातो, २.१ मिमीचा घेतला तर फ्लो साधारण ०.२ मिलीवर येतो आणि दिवसाला ३०० मिलीच्या आसपास भागतं. अ‍ॅसिटोनायट्राइलऐवजी इथेनॉल वापरा असंही सांगतात, पण पाण्यात मिसळल्यावर ते घट्ट होतं, प्रेशर चढतं आणि २१० नॅनोमीटरच्या खाली यूव्ही प्रकाशाने मोजताना त्याचाच अडथळा.

पद्धत किती ग्रीन ते ठरवायला इको-स्केल (१०० मधून दंडाचे गुण वजा), २०२० चं अ‍ॅग्री (० ते १) अशी साधनं आहेत. नुसत्या स्कोअरवर जाऊ नये, अचूकता आणि डिटेक्शन लिमिट (कमीत कमी किती प्रमाण पकडता येतं) त्यात येतच नाही. आणि रूटीन लॅबमध्ये घोडं अडतं ते वेगळीकडेच, कॉलम बारीक करायला फार्माकोपिया (औषधांच्या तपासणीचे अधिकृत नियमग्रंथ) ठरावीक मर्यादेत मुभा देतात, सॉल्व्हंट बदलायचा म्हटलं की व्हॅलिडेशन (पद्धत बरोबर मोजते हे सिद्ध करणं) पहिल्यापासून.