जिव्हा-विद्युत उद्दीपन

जिभेच्या पृष्ठभागावर सौम्य विद्युत स्पंद देत असतानाच रुग्णाकडून तोलाचे व चालण्याचे व्यायाम करवून घेण्याची पूरक उपचारपद्धती. नाशिकच्या फिजिओथेरपी केंद्रांत रुग्ण ज्याला ‘करंट घेणे’ म्हणतात, तो त्वचेवर पट्ट्या लावून बहुधा दुखण्यासाठी दिला जातो. त्याच्याशी, तसेच निद्राश्वासरोधावर (झोपेत श्वास अडकण्याच्या विकारावर) जिभेच्या स्नायूंना दिल्या जाणाऱ्या उद्दीपनाशी हिची गल्लत करू नये.

उगमाबद्दल एकमत नाही. काही जण तो स्विस तत्त्वज्ञ झुल्ट्सरपर्यंत मागे नेतात. १७५२ च्या सुमारास त्याने शिसे व चांदी एकमेकांना टेकवून जिभेवर ठेवले, तेव्हा हिराकसासारखी चव लागली. नऊ व्होल्टचा सेल उतरला की नाही हे जीभ लावून पाहणाऱ्यांना ती झिणझिणी ठाऊक असते. मात्र झुल्ट्सरला त्यात वीज दिसली नव्हती आणि उपचाराचा विचार तर नव्हताच. त्यामुळे अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ पॉल बाख-इ-रिटा यांच्यापासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. १९६९ मध्ये त्यांनी खुर्चीच्या पाठीत ४०० कंपक बसवून अंधांना पाठीच्या स्पर्शातून चित्राची जाणीव करून दिली. १९९८ च्या सुमारास विस्कॉन्सिन विद्यापीठात पाठीची जागा जिभेने घेतली. तेथे ४९ विद्युत बिंदूंची जाळी वापरली गेली. पुढे शरीराचा कल जिभेला कळवणारे साधन तोल गेलेल्या रुग्णांना दिले, तेव्हा ते काढून घेतल्यावरही स्थैर्य काही काळ टिकलेले आढळले. मग माहिती वगळून केवळ स्पंद देण्याचा विचार पुढे आला. प्रस्तुत पद्धतीचा खरा जन्म तो.

जिभेची त्वचा पातळ, चेतातंतू दाट आणि लाळ विद्युतवाहक. म्हणून कमी विद्युतदाब पुरतो. पुढील भागातील स्पर्शसंवेदना पाचव्या मस्तिष्क चेतेतून, तर चव सातव्या चेतेतून मस्तिष्कस्तंभाकडे (मेंदूच्या बुंध्याकडे) जाते. तोलाची केंद्रे तेथून जवळच असतात. या भागाला वारंवार चेतवल्याने मेंदूची लवचिकता वाढते, असे प्रतिपादन आहे. ते अद्याप गृहीतकच समजावे.

कॅनडाने २०१८ मध्ये डोक्याला मार लागून मेंदूला झालेल्या इजेनंतरच्या तोलदोषासाठी असे केवळ स्पंद देणाऱ्या साधनाला मान्यता दिली. अमेरिकेने २०१९ मध्ये त्याच कारणासाठी ती नाकारली, कारण सुधारणा स्पंदांमुळे की व्यायामामुळे हे वेगळे करता येत नव्हते. चाचणीत उच्च वारंवारतेचे व तुलनेसाठी अल्प वारंवारतेचे स्पंद मिळालेले दोन्ही गट सुधारले होते. हा आक्षेप वजनदार आहे. २०२१ मध्ये मात्र मल्टिपल स्क्लेरोसिस या चेतातंतूंचे आवरण झिजवणाऱ्या विकारातील चालण्याच्या दोषासाठी, देखरेखीखालील व्यायामाच्या जोडीनेच, तेथे परवानगी मिळाली. उपचारक्रम १४ आठवड्यांचा असतो.

म्हणजे साधन कोणतेही असो, निम्मे काम व्यायामाचे. राज्यातील बहुसंख्य फिजिओथेरपी महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (स्थापना १९९८) संलग्न असून तोल व चाल यांचे प्रशिक्षण तेथील शिक्षणाचा भाग आहे. रामकुंडाच्या ओल्या पायऱ्या उतरताना रुग्ण पावलांकडे बघत, लेकाचा खांदा घट्ट धरतो. दोन समांतर दांड्यांमधल्या सरावात ती पकड बोटाबोटाने सुटत जाते.