याफेट-किटल कोन

स्पिनेल फेराइट म्हणजे लोह व दुसऱ्या धातूचे विशिष्ट स्फटिकरचनेचे चुंबकीय ऑक्साइड. त्यातील अष्टफलकी (ब, भोवती सहा ऑक्सिजन) जागांवरच्या आयनांची चुंबकीय परिबले (प्रत्येक आयनाच्या चुंबकत्वाचे माप व दिशा) आपसांत समांतर न राहता तिरपी झुकतात असे धरून चुंबकनाचा हिशेब केला, की जो झुकाव निघतो त्याला हे नाव आहे. याको याफेट व चार्ल्स किटल यांनी १९५२ मध्ये ही मांडणी केली. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात फेराइटांवर दीर्घकाळ काम झाले असल्याने कोल्हापूरच्या संशोधकांना हा ‘वाय-के कोन’ चांगला परिचित आहे.

लुई नेएल यांच्या १९४८ च्या सिद्धांतानुसार चतुष्फलकी (अ, भोवती चार ऑक्सिजन) आणि ब जागांची परिबले परस्परविरुद्ध असतात व त्यांची वजाबाकी म्हणजे पदार्थाचे परिबल. निकेल फेराइटात निकेलऐवजी क्ष इतके जस्त घातले, तर ते अ जागा घेते आणि तिथले लोह ब जागेवर जाते. या हिशेबाने परिबल २ + ८क्ष बोर मॅग्नेटॉन (अणूच्या परिबलाचे एकक), म्हणजे पूर्ण जस्त असताना १० व्हायला हवे. प्रत्यक्षात ते क्ष सुमारे ०.४ ते ०.५ होईपर्यंत वाढते आणि मग घसरते. जस्त फेराइट तर सुमारे १० केल्व्हिनखाली प्रतिलोहचुंबकीय होते, म्हणजे विरुद्ध दिशांची परिबले एकमेकांना पूर्ण रद्द करतात. अ जागांवर लोहाऐवजी अचुंबकीय जस्त आले की अ-ब बंधाची (या जागांच्या परिबलांमधील चुंबकीय आंतरक्रियेची) पकड सैल होते व ब-ब बंध डोके वर काढतो. ब जागा मात्र कोपऱ्यांनी जोडलेल्या चतुष्फलकांवर आहेत. चार कोपऱ्यांवरील प्रत्येक जोडी परस्परविरुद्ध ठेवणे शक्यच नसते. या कोंडीला फ्रस्ट्रेशन म्हणतात.

फ्रस्ट्रेशनच्या संकल्पनेचे मूळ नेमके कुठले, यावर मतभेद आहेत. त्रिकोणी जालकावरील प्रतिलोहचुंबकाला निरपेक्ष शून्यालाही एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचे माप) उरते, हे ग्रेगरी वानिए यांनी १९५० मध्ये दाखवले. फिलिप अँडरसन यांनी १९५६ मध्ये स्पिनेलच्या ब जागांची मांडणी बर्फातील हायड्रोजनच्या मांडणीशी जोडली. संज्ञा रूढ झाली ती जेरार तुलूझ यांच्या १९७७ च्या लेखानंतर. त्यामागेही अँडरसन यांची प्रेरणा मानली जाते. फेराइटांपुरता विचार केला तर १९५६ चा लेख अधिक मूलगामी ठरतो.

खुद्द याफेट-किटल रचनेवर पहिला गंभीर आक्षेप कॅप्लन यांनी घेतला: घनीय स्पिनेलमध्ये ती सर्वांत कमी ऊर्जेची नाही. १९६२ मध्ये लायन्स, कॅप्लन, ड्वाइट व मेन्युक यांनी ब-ब आणि अ-ब बंधांच्या बळाचे एक गुणोत्तर घेऊन दाखवले, की ते ८/९ पेक्षा कमी असताना नेएलचीच रचना टिकते आणि त्यापुढे शंकूसारखी सर्पिल रचना सरस ठरते. उलट मुंबईजवळच्या तुर्भे (ट्रॉम्बे) येथील अणुसंशोधन केंद्रातील सत्यमूर्ती व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये निकेल-जस्त फेराइटांवरील न्यूट्रॉन विवर्तनाचा (न्यूट्रॉनांच्या विखुरण्यावरून चुंबकीय रचना ओळखण्याच्या मापनाचा) अर्थ याफेट-किटल कोनांनीच लावला. पुढे आलेल्या स्थानिक झुकावाच्या प्रतिमानात, ज्या ब आयनाच्या शेजारी जस्त जास्त तोच आयन जास्त झुकतो. जस्त यादृच्छिक विखुरलेले असताना सगळे आयन एकाच कोनात झुकावेत यापेक्षा हे अधिक पटते.

प्रयोगशाळेतली रीत सोपी आहे. ऑक्साइडे खलून, भट्टीत भाजून, दाबून केलेल्या गोळीचा हिस्टेरिसिस लूप (बाह्य क्षेत्र बदलताना चुंबकन कसे बदलते त्याचा आलेख) घेतात. दर ग्रॅमचे संपृक्त, म्हणजे क्षेत्र वाढवूनही न वाढणारे, चुंबकन (सीजीएस एककात) रेणुभाराने गुणून ५५८५ ने भागले, की दर सूत्राचे परिबल बोर मॅग्नेटॉनमध्ये मिळते. निकेल-जस्त फेराइटात क्ष ०.७ असताना ब जागांचे परिबल ९.१, अ जागांचे १.५. समजा मोजून ४ आले: कोनाची कोज्या (४ + १.५) म्हणजे ५.५ भागिले ९.१, म्हणजे ०.६०, आणि कोन सुमारे ५३ अंश. मात्र लूप खरोखर संपृक्त झाला नसेल किंवा जस्त सगळे अ जागेवर गेले नसेल, तरी सूत्र एक कोन देतेच. तांब्याच्या फेराइटात तर थंड करण्याच्या वेगावरही आयनांची वाटणी बदलते.

नॅनोकणांच्या बाबतीत हा धोका वाढतो. अतिसूक्ष्म गॅमा फेरिक ऑक्साइडात पृष्ठभागावरील स्पिन (आयनांच्या परिबलांच्या दिशा) तिरपे असतात, असे मायकेल कोई यांनी १९७१ मध्ये मॉसबाउअर वर्णपटावरून (लोहाच्या अणुकेंद्रांनी गॅमा किरण शोषण्याच्या मापनावरून) मांडले. तिथे परिबल घटते ते जस्तामुळे नव्हे, आकारामुळे. म्हणून केवळ लूपवरून काढलेला कोन हा सरासरी झुकावाचा अंदाज समजावा. रचनेचा पुरावा हवा असेल तर न्यूट्रॉन विवर्तन किंवा बाह्य चुंबकीय क्षेत्रातील मॉसबाउअर मापन लागते.