धातूंचे नॅनो-अ‍ॅरे

धातूंचे नॅनो-अ‍ॅरे म्हणजे काचेवर किंवा सिलिकॉनवर सोनं, चांदी, अ‍ॅल्युमिनियम असल्या धातूंचे साधारण 50 ते 200 नॅनोमीटरचे ठिपके, काड्या नाहीतर भोकं, ठरावीक अंतर ठेवून ओळीने बसवलेली. ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच, फक्त दोन ठिपक्यांमधलं अंतर उजेडाच्या तरंगलांबीच्या आसपास. झवेरी बाजारात जे सोनं पिवळंधमक दिसतं तेच इथे काचेतून आरपार बघितलं तर गुलाबी, जांभळं, निळसर काहीही दिसू शकतं, आणि त्यात रंग म्हणून काहीच घातलेलं नसतं.

असं होतं कारण धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन उजेडाबरोबर मागेपुढे हलतात, आणि कण एवढा बारीक असला की एका विशिष्ट तरंगलांबीला ते एकदम जोरात हलतात, यालाच प्लाझ्मॉन रेझोनन्स म्हणतात. पाण्यातल्या 20 नॅनोमीटरच्या सोन्याच्या गोळ्यांसाठी ही तरंगलांबी 520 नॅनोमीटरच्या आसपास येते, म्हणजे हिरवा उजेड खाल्ला जातो आणि द्रावण लाल दिसतं. फॅरेडेने 1857 मध्ये अशा लाल सोन्यावर प्रयोग केले होते, गणित मात्र गुस्ताव मी (Mie) या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने 1908 मध्ये मांडलं.

पण सुट्टा कण वेगळा आणि अ‍ॅरे वेगळा. एकट्या कणाचा रेझोनन्स पसरट असतो. कण ओळीत बसवले की प्रत्येकाने विखुरलेला उजेड शेजाऱ्यांपर्यंत पोचतो आणि अंतर बरोबर जमलं तर सगळे एकाच तालात येतात, मग स्पेक्ट्रममध्ये काही नॅनोमीटर रुंदीची टोकदार रेघ मिळते, तिला सरफेस लॅटिस रेझोनन्स म्हणतात, 2008 मध्ये दोन-तीन गटांनी हे प्रयोगाने दाखवलं. ही रेघ कुठे येईल त्याचा हिशोब सोपा आहे: अंतर गुणिले माध्यमाचा अपवर्तनांक. 400 नॅनोमीटर अंतर आणि काचेचा 1.5, म्हणजे 600 नॅनोमीटरच्या आसपास शोधायचं. खाली काच आणि वर हवा असेल तर हा परिणाम बराच मरतो, म्हणून वर काचेच्याच अपवर्तनांकाचं तेल टाकून कव्हर स्लिप, म्हणजे पातळ काच, ठेवतात. माझ्या मते या विषयात धातूपेक्षा अंतरालाच जास्त मान आहे.

बनवायची रुळलेली पद्धत ई-बीम लिथोग्राफी. काच गरगर फिरवून तिच्यावर पीएमएमए पसरवतात (दुकानांच्या पाट्यांना लागतं तेच अ‍ॅक्रिलिक, इथे थर फक्त 100-200 नॅनोमीटरचा), इलेक्ट्रॉनच्या झोताने त्यावर ठिपके काढतात, डेव्हलपरमध्ये बुडवलं की झोत लागलेला भाग विरघळून भोकं पडतात. नुसती काच वीज वाहून नेत नाही, चार्ज साठून झोत भलतीकडे सरकतो, म्हणून आयटीओचा (इंडियम टिन ऑक्साइड, पारदर्शक पण वीज वाहून नेणारं) थर असलेली काच घेतात. मग व्हॅक्यूममध्ये आधी दोन-तीन नॅनोमीटर क्रोमियम किंवा टायटॅनियम, कारण सोनं काचेला धरत नाही, आणि वर 30-40 नॅनोमीटर सोनं चढवतात. क्रोमियम जास्त झालं तर रेझोनन्स पसरतो, कमी झालं तर ठिपकेच निघून येतात. शेवटी अ‍ॅसिटोनमध्ये लिफ्ट-ऑफ: खालचं पीएमएमए विरघळतं, वरचा सोन्याचा पापुद्रा सुरकुतत सुटून तरंगायला लागतो आणि भोकांमधलं सोनं तेवढं काचेवर राहतं. पापुद्रा सुटत नसेल तर काच वाळू द्यायची नाही, वाळली की तो जागेवर चिकटलाच. आणि एवढं करून हातात काय, तर 100 मायक्रॉनचा चौकोन, 400 नॅनोमीटर अंतराने 62,500 ठिपके, सगळं सोनं मिळून एक नॅनोग्रॅमसुद्धा नाही, बाकीचं पापुद्र्यात आणि चेंबरच्या भिंतींवर गेलं.

स्वस्तातली पद्धत म्हणजे नॅनोस्फिअर लिथोग्राफी. पॉलिस्टायरीनचे गोळे पाण्यातून सुकताना आपोआप षटकोनी मांडणीत बसतात, त्यांच्या फटींतून धातू टाकायचा, गोळे काढले की त्रिकोणी ठिपके उरतात. सुकण्याचा वेग हवेतल्या ओलाव्यावर अवलंबून, त्यामुळे मुंबईच्या पावसाळ्यात आर्द्रता धरून ठेवणारी बंद पेटी नसेल तर मे मधली रेसिपी जुलैत चालेलच असं नाही.

मोजमापात पांढरा उजेड अ‍ॅरेमधून पाठवतात आणि शेजारच्या कोऱ्या काचेतून आलेल्या उजेडाने भागतात. उजेड शक्यतो समांतर हवा, मोठ्या कोनाचं ऑब्जेक्टिव्ह लावलं तर टोकदार रेघ पसरून जाते. ठिपके लांबट असतील तर पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा उजेड जाऊ देणारी फिल्टर) फिरवला की रंग बदलतो, डोळ्यांनी बघण्यासारखं आहे.

मुंबईत पवईच्या आयआयटीत ई-बीम आणि क्लीनरूम (धूळ गाळलेली खोली) आहे, नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅममधून बाहेरच्या कॉलेजांच्या संशोधकांनाही तिथे काम करता येतं. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) 2019 साली 'काळं सोनं' बनवलं, सिलिकाच्या तंतूंवर सोन्याचे कण आणि त्यांच्यामधल्या फटी कमीजास्त करून. तो काही ओळीतला अ‍ॅरे नाही, पण अंतराचा खेळ तोच.

वापर मुख्यतः सेन्सरसाठी: ठिपक्यावर प्रोटीनचा थर बसला की रेझोनन्स सरकतो. रेणूंनी विखुरलेल्या उजेडावरून ते ओळखायचा रमण सिग्नल वाढवायलाही हे अ‍ॅरे लागतात. निळ्या आणि अतिनील उजेडात सोनं कामाचं नाही, 500 नॅनोमीटरच्या खाली ते स्वतःच उजेड शोषतं. चांदी चालते पण हवेतल्या गंधकाने काळी पडते, तिच्यावर थर द्यावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमवर दोन-चार नॅनोमीटरचा ऑक्साइड आपोआप चढतो आणि तिथेच थांबतो, त्यामुळे नॅनो-अ‍ॅरेने रंगीत चित्रं छापायची असली की बऱ्याचदा तेच घेतात.