अ‍ॅड्जुव्हंट निराळा, कॅरियर निराळा
सशाला पॉलिसॅकराइड (शर्करांची लांब साखळी) टोचलं आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडं आली नाहीत, की सल्ला ठरलेला: अ‍ॅड्जुव्हंट (सोबत मिसळायचा उत्तेजक) बदला. बदलतात. पुन्हा तेच थोडंसं आयजीएम (सुरुवातीची प्रतिपिंडं), बूस्टर देऊनही टायटर (सीरममधलं प्रतिपिंडांचं प्रमाण) जागचा हलत नाही, मग तिसरा अ‍ॅड्जुव्हंट मागवला जातो. अहो, तिथे कॅरियरच, म्हणजे साखरेला जोडायचं प्रथिनच नाहीये!

अ‍ॅड्जुव्हंट बहुतेकांना ठाऊक असतो. तो प्रतिकारयंत्रणेला चाळवतो. तेलातला असेल तर प्रतिजन टोचल्या जागी रेंगाळतोही. फ्रॉइंडचा कम्प्लीट (तेलात मेलेले क्षयवर्गीय जंतू असलेला) फक्त पहिल्या डोसला, पुढे इन्कम्प्लीट (जंतूंविना). कम्प्लीट पुन्हा टोचलात तर गाठी येतात, कातडीला जखमा होतात. तेलाशी घोटलेल्या इमल्शनचा थेंब पाण्यावर टाकून पाहा, पसरला तर अजून घोटायचंय. बस्स.

कॅरियरचं काम वेगळंच. बी पेशी शर्करासाखळी ओळखते, गिळतेही. पण टी पेशीची मदत हवी तर तिला एमएचसी-२ या पृष्ठभागावरच्या रेणूवर पेप्टाइड (प्रथिनाचा तुकडा) दाखवावं लागतं, आणि साखरेतून पेप्टाइड कुठून येणार? मदत नाही म्हणून आयजीजी या नंतरच्या, टिकाऊ प्रतिपिंडांकडे वळणं नाममात्र, आणि स्मृती जवळपास नाहीच. कितीही वेळा टोचा, प्रत्येक डोस पहिल्यासारखाच. साखळी केएलएच (एका समुद्री गोगलगायीचं प्रथिन) किंवा टिटॅनस टॉक्सॉइडला (धनुर्वाताचं निर्विष केलेलं विष) जोडली की तीच बी पेशी साखळीला धरून प्रथिनही आत ओढते आणि त्याचे तुकडे टी पेशीसमोर मांडते. एव्हरी आणि गोबेल यांनी १९३१ मध्ये न्यूमोकोकस टाइप ३ या जिवाणूची शर्करा घोड्याच्या ग्लोब्युलिन या रक्तप्रथिनाला जोडून सशांमध्ये प्रतिपिंडं मिळवली होती.

जोडली म्हणजे सहसंयुज बंधाने जोडली. एका नळीत साखर आणि केएलएच ढवळणं म्हणजे कॅरियर वापरणं नव्हे! अशा मिश्रणातून केएलएचविरुद्ध झकास टायटर येतो, साखरेविरुद्ध काही नाही, कारण दोघं वेगवेगळ्या बी पेशींच्या हाती लागतात. अ‍ॅड्जुव्हंट मात्र नुसता मिसळला तरी चालतो. शिवाय तो ऐच्छिकही असू शकतो: अ‍ॅक्टहिब या हिब जिवाणूविरुद्धच्या लशीत टिटॅनस प्रथिन आहे, अ‍ॅड्जुव्हंट नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या मेनआफ्रिव्हॅक या मेनिंजायटिसच्या लशीत दोन्ही आहेत, टिटॅनस टॉक्सॉइड आणि अ‍ॅल्युमिनियम फॉस्फेट.

जोडणीतही फसगत होते. सोडियम सायनोबोरोहायड्राइड या क्षपणकाने थेट जोडताना टोकाच्या शर्करेचं कडं उघडतं. लांब पॉलिसॅकराइडला त्याचं काही नाही, पण चार शर्करांच्या साखळीतली एक तिथेच खर्ची पडते. लिंकर (साखर आणि प्रथिन यांमधला दुवा) साधा, लवचीक घ्यावा. एसएमसीसीसारख्या लिंकरमधलं सायक्लोहेक्झेन कडं स्वतःच प्रतिपिंडं खेचून घेतं. उंदरांत लुइस-वाय या शर्करेच्या बाबतीत त्याने साखरेविरुद्धचा प्रतिसाद दाबल्याचं दिसलं आहे. न जोडलेली साखर डायलिसिसने काढताना पडद्याची छिद्रं तिच्या आकाराहून मोठी हवीत, नाहीतर ती आतच राहते.

आणि एलायझात (प्रतिपिंडं मोजायच्या चाचणीत) प्लेटवर तेच केएलएच-संयुग लावणं तर आवराच. त्यात केएलएचविरुद्धचीच प्रतिपिंडं चमकतात. प्लेटवर बीएसए-संयुग (बीएसए म्हणजे गाईच्या रक्तातलं प्रथिन) लावा, लिंकरही दुसरा घ्या. नुसतं उदासीन पॉलिसॅकराइड प्लेटच्या पॉलिस्टायरिन प्लास्टिकला धड चिकटत नाही, त्यामुळे चांगला सीरमही वाया गेल्यासारखा दिसतो. मग मोकळी साखर सीरममध्ये घालून पुन्हा मोजा. संकेत उतरला नाही, तर ती प्रतिपिंडं साखरेविरुद्धची नाहीत.