साडेबारा टक्क्यांतले पावणेचार

नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी १९७० पासून संपादनात आल्या. भातशेती गेली, खारजमीन गेली, मिठागरं गेली. सुरुवातीची भांडणं भावाची होती. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जणांचा जीव गेला आणि त्यानंतर एकरी २७ हजारांचा दर मान्य झाला. हुतात्म्यांना दर जानेवारीत अभिवादन होतं, म्हणून हा भाग सर्वांना पाठ आहे. आजचा वाद मात्र त्याच्या पुढचा आहे.

पैसे खर्च होतात, जमीन परत येत नाही, म्हणून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला द्यायचे, असं ठरलं. १९९० चा निर्णय आणि १९९४ ची सुधारणा हे त्याचे दोन मुख्य टप्पे. गावात या योजनेला नुसतं 'साडेबारा' म्हणतात. पण हातात साडेबारा पडत नाहीत. त्यातले तीस टक्के, म्हणजे पावणेचार टक्के, शाळा, मैदानं, रस्ते अशा सामाजिक सुविधांसाठी आधीच कापले जातात. उरतात पावणेनऊ.

चाळीस गुंठ्यांवर हिशोब करून पाहा. साडेबारा टक्क्यांनी पाच गुंठे व्हायला हवेत, मिळतात साडेतीन. सातबाऱ्यावर चार भावांची आणि तीन बहिणींची नावं असतील तर वाट्याला अर्धा गुंठा. त्यात मूळ खातेदार हयात नसेल तर वारस दाखला हवा आणि त्यावर सगळ्यांची सही हवी. एक जण अडला की फाईल अडली.

कपातीच्या समर्थनाचा मुद्दा असा की वसाहत उभी राहायची तर सुविधांना जागा लागणारच. ते खरंच आहे. पण त्या सुविधा संपूर्ण शहर वापरतं आणि शहराची उरलेली जमीनही याच शेतकऱ्यांकडून घेतलेली आहे. मग सुविधांची जागा पुन्हा त्यांच्याच परताव्यातून का काढायची? कापलेल्या पावणेचार टक्क्यांवर कोणत्या गावासाठी काय उभं राहिलं, याचा गाववार तक्ता लोकांसमोर असायला हवा. ही मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते.

दुसरी कपात बांधकामाची. मूळ गावठाणाची हद्द कुटुंबं वाढली तशी वाढली नाही. मुलाचं लग्न झालं की बाजूला एक खोली चढली. जमीन सरकारजमा झालेली असल्याने कागदावर ते अनधिकृत बांधकाम आणि लोकांच्या भाषेत 'गरजेपोटी बांधलेली घरं'. घराखालचं क्षेत्र भूखंडातून वजा होतं किंवा वाटपच रोखलं जातं. ही घरं नियमित करण्याचे निर्णय वेगवेगळ्या सरकारांनी जाहीर केले, पण गावठाणापासून किती मीटरपर्यंतची घरं धरायची यावरच प्रत्येक वेळी गाडी अडली.

भूखंड मिळाला तरी तो ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने. काल ज्याच्या नावावर शेत होतं, तो आज त्याच मातीत पट्टेदार. बांधायला पैसा नसतो, मग बिल्डर येतो, शेतकरी, बिल्डर आणि सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) यांच्यात त्रिपक्षीय करार होतो आणि हस्तांतरण शुल्क महामंडळाकडे जातं. शेकडो इमारती अशाच उभ्या आहेत.

उरणच्या बंदराची गोष्ट आणखी रेंगाळली. बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. ते केंद्राच्या अखत्यारीत, योजना राज्याची, तेव्हा भूखंड कुणी द्यायचे यावर वर्षानुवर्षं टोलवाटोलवी झाली. ऑगस्ट २०१४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते काही जणांना इरादापत्रं मिळाली. तोवर जमीन देणारी पिढी म्हातारी झाली होती.

विमानतळाच्या वेळी आकडा साडेबावीस टक्क्यांवर गेला. दहा गावं हलवायची होती आणि लोक आधीचा अनुभव विसरले नव्हते. आता साडेबारावाले विचारतात, आमची जमीन काय हलकी होती? पुनर्वसनाच्या प्रत्येक बैठकीत हा प्रश्न येतो आणि पावणेचार टक्क्यांचा हिशोबही त्याच्यासोबतच मागितला जातो.