आवाज बसलाय, मग गिळायला का लावता?

घशाच्या दुर्बीण तपासणीच्या आमच्या काउंटरवर सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

स्वरतंतू हलेनासा झाला तरी आवाज बसतो. तेव्हा बिघाड बहुधा तंतूत नसतो, त्याला चालवणाऱ्या नसेत असतो. ही व्हेगस या दहाव्या मेंदूनसेची फांदी. गंमत म्हणजे ती थेट स्वरयंत्रात जात नाही. डावी फांदी छातीत उतरून महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा गळ्यात चढते. उजवी हाताकडे जाणाऱ्या धमनीखालूनच परत फिरते. म्हणून दोष कवटीच्या तळाशी, थायरॉइडपाशी किंवा थेट फुफ्फुसाजवळही असू शकतो.

नाकातून दुर्बीण घालून 'ई' म्हणायला लावलं की तंतू हलत नाही एवढंच कळतं. कुठे अडलंय, याचा अंदाज गिळताना येतो. दुर्बीण आत ठेवूनच गिळायला लावतात, या तपासणीला डॉक्टर 'फीज' (FEES) म्हणतात, बिलाशी त्याचा संबंध नाही! रंगवलेलं पाणी आणि दाटसर घास देतात. गिळण्याच्या क्षणी घसा आवळला जातो आणि दुर्बिणीची स्क्रीन पांढरी होते, काहीच दिसत नाही. खरी माहिती त्याच्या आधी आणि नंतर असते.

समजा, हिरवा घास घशाच्या एकाच बाजूच्या खळग्यात साचून राहिला, टाळू एकीकडे ओढला गेला, आणि दुर्बिणीचं टोक लागूनही त्या बाजूला खोकला आला नाही. मग व्हेगस वरच, कवटीजवळ किंवा मेंदूच्या देठात दुखावली असावी असा संशय येतो. घसा नीट आवळतोय, स्पर्श कळतोय, फक्त तंतू थांबलाय, तर नजर मान आणि छातीकडे वळते. पाण्याचा ठसका मात्र दोन्हीत लागू शकतो, नुसत्या त्यावरून निदान होत नाही. कधी पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि ठसकाही लागत नाही. घरी हे कळणं कठीण.

गाठ आहे की विषाणूचा त्रास, हे ही तपासणी सांगत नाही. त्यासाठी सीटी किंवा एमआरआय लागतो; कुठे बारकाईने बघायचं, ते इथे ठरतं.

बधिर करणारं औषध आम्ही नाकापुरतं आणि थोडंच वापरतो. जास्त झालं तर घसाच बधिर होतो आणि स्पर्शाची तपासणी वाया जाते. त्यामुळे नाकात थोडी चुरचुर होईल.

थायरॉइड, मान, हृदय किंवा छातीचं ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्जचे कागद आणा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, परस्पर बंद करू नका. श्वास घेताना घरघर किंवा धाप असेल तर आमच्या तारखेची वाट न पाहता लगेच हॉस्पिटल गाठा.