घोणसचं विष लॅबमध्ये काय करतं?

खानापूर, निपाणीकडे एखाद्या बाईचा गर्भ दोन-तीनदा पडला की आधी गाऱ्हाणं घालतात, अंगारा लावतात, कुणीतरी करणीचं नाव काढतं. सुनेच्या पायगुणावर बोलायला तर सगळे मोकळेच. रक्ताची तपासणी सगळ्यात शेवटी. त्यात एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, वाढलेला निघाला, की घरचे म्हणतात, "हिचं रक्त पातळ आहे, गुठळी कसली होते?"

होते, आणि नेमकी अशाच रक्तात होऊ शकते. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोममध्ये रक्त तपासणीच्या नळीत उशिरा गोठतं आणि शरीरात नको तिथे गोठतं. पायाच्या शिरेत, मेंदूत. गर्भारपणात वारही त्यातून सुटत नाही.

गोठण्याच्या साखळीतल्या महत्त्वाच्या पायऱ्या फॉस्फोलिपिडच्या (पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थाच्या) पृष्ठभागावर पार पडतात. शरीराने स्वतःविरुद्धच बनवलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तिथल्या प्रथिनांना धरून बसतात आणि जागा अडवतात. नळीत फॉस्फोलिपिड मोजकंच, म्हणून वेळ लागतो. शरीरात मात्र हीच प्रतिपिंडं रक्तवाहिनीच्या अस्तराला आणि प्लेटलेट्सना चेतवतात.

ही प्रतिपिंडं पकडायला वापरतात घोणसचं विष! आपल्या शेताबांधावरचीच ही घोणस. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना, म्हणजे घटकांना, क्रमांक दिलेले आहेत; तिचं विष थेट दहाव्या घटकाला जागं करतं, त्यामुळे आठवा, नववा किंवा बारावा घटक कमी असला तरी निकाल बिघडत नाही. डीआरव्हीव्हीटी या चाचणीत पातळ केलेलं विष आणि अगदी थोडं फॉस्फोलिपिड प्लाझ्मात (पेशी काढलेल्या रक्तद्रवात) घालून सेकंद मोजतात. वेळ वाढला, तर पुन्हा भरपूर फॉस्फोलिपिड घालून मोजतात. आता वेळ खाली आला, म्हणजे अडवणारी प्रतिपिंडं होती. त्यांना पुरून उरेल इतकी जागा मिळाली. निरोगी माणसाचा प्लाझ्मा निम्मा मिसळूनही पाहतात: घटकाची कमतरता असेल तर वेळ सुधारतो, प्रतिपिंडं असतील तर सहसा सुधारत नाही.

निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरलेली हवी, एक भाग सायट्रेटला (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाला) नऊ भाग रक्त. प्लाझ्मा दोनदा फिरवून प्लेटलेट्स काढाव्या लागतात, कारण त्यांचं फॉस्फोलिपिड प्रतिपिंडं लपवतं. तालुक्याहून एसटीने बेळगावला पाठवलेलं, दिवसभर तसंच राहिलेलं रक्त या तपासणीच्या कामाचं नाही. हेपरिन, वॉरफरिन, रिव्हरॉक्साबॅन अशी रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी सांगा.

याच्या जोडीला कार्डिओलिपिन हे फॉस्फोलिपिड आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ हे प्रथिन यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं एलायझा या चाचणीने तपासतात. व्हीडीआरएल या सिफिलिसच्या चाचणीच्या रसायनातही कार्डिओलिपिन असतं, म्हणून या बायकांना कधी कधी गुप्तरोगाचा खोटा शिक्का बसतो. साध्या तापातही ही प्रतिपिंडं तात्पुरती दिसतात, तेव्हा एका रिपोर्टवर निदान होत नाही. किमान १२ आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात. निदान पक्कं झालं, तर पुढच्या गर्भारपणात कमी मात्रेची ॲस्पिरिन आणि हेपरिनची इंजेक्शनं देतात, आणि पुष्कळ जणींचे दिवस पूर्ण भरतात.